टाका नाही, हे तर सगळेच सांगतात

बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळी फिरायला येणारी साठीपुढची मंडळी गुडघे, साखर, रक्तदाब यांवर तासभर बोलतात. लघवीचा विषय मात्र निघत नाही. एखादा बोलता बोलता उठून झपझप चालू लागतो, बाकीचे काय ते समजतात आणि गप्पा पुढे सरकतात. रात्री तीनचारदा उठणं, धार बारीक होणं, जाऊन आल्यावरही पुन्हा जावंसं वाटणं, पावागडच्या बसमध्ये बसायचं म्हणून सकाळचा चहा टाळणं, हे सगळं वयाच्या खाती जमा होतं. साठीत साधारण निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, हे खरंच. पण म्हणून सोसत राहावं असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

मग एके रात्री लघवी साफ अडते. कधी कधी निमित्त असतं साध्या सर्दीच्या गोळीचं. नाक मोकळं करणारी काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात. नळी घातली जाते, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा वडिलांना घेऊन सयाजीगंजमध्ये दवाखाने शोधत फिरतो. डभोई-पादऱ्याहून आलेल्यांचीही तीच गत. हल्ली जाहिराती सांगतात: चिरा नाही, टाका नाही, संध्याकाळी घरी.

टाका तर जुन्या दुर्बिणीच्या ऑपरेशनातही नसतो. ते ऑपरेशन, म्हणजे टीयूआरपी, 1930च्या दशकापासून चालत आलेलं आहे. मूत्रमार्गातूनच आत जाऊन वाट अडवणारा भाग खरवडून काढतात. पूर्वी धुण्यासाठी वापरलेलं पाणी रक्तात शोषलं जाऊन सोडियम घसरण्याची भीती असे. सलाईनवर चालणारी बायपोलर उपकरणं आल्यापासून ती जवळजवळ गेली. होल्मियम लेझरने तर शंभर ग्रॅमच्या पुढची ग्रंथीही, संत्र्याचा गर सालीपासून सुटावा तशी, आतून सोडवून काढता येते. मूत्रविकारांसाठी 1978 मध्ये सुरू झालेलं मुळजीभाई पटेल रुग्णालय नडियादला, म्हणजे बडोद्याहून गाडीने तासाभरावर आहे. या बाबतीत आपण गरीब नाही.

नव्या पद्धतींचं वेगळेपण म्हणजे त्या ग्रंथी काढत नाहीत. युरोलिफ्टमध्ये बारीक क्लिपांनी ग्रंथीच्या बाजू मागे ओढून वाट मोकळी करतात. रेझुममध्ये सुईवाटे नऊ-नऊ सेकंद वाफ सोडतात आणि ग्रंथीचा तो भाग पुढच्या काही आठवड्यांत आपोआप आक्रसतो. तोवर काही दिवस नळी बाळगावी लागते, हे जाहिरातीत लहान अक्षरांत असतं किंवा नसतंच. तिसरी पद्धत सर्जनची नाहीच. रेडिओलॉजिस्ट मांडीतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीतून शिरून ग्रंथीकडे जाणाऱ्या धमन्या सूक्ष्म कणांनी बुजवतो. भूल देणं जोखमीचं असलेल्या माणसाला ही मोठी सोय आहे.

जितकं कमी काढावं तितकं कमी गमावलं जातं, आणि तितकाच त्रास परतण्याचा संभव अधिक, हा यातला सरळ हिशेब. युरोलिफ्टच्या मुख्य चाचणीत पाच वर्षांत सातातल्या जवळपास एकाला पुन्हा उपचार घ्यावे लागले. ऐंशीच्या माणसाला हे परवडेल. पंचावन्नच्या माणसाने विचार करावा.

आणि गमावलं काय जातं? टीयूआरपीनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. जिवाला धोका नाही, पण माणसाला फरक पडतो. पासष्टीच्या गृहस्थाला हे विचारायचं नसतं असं डॉक्टरही धरून चालतात आणि गृहस्थही, कारण शेजारी सून बसलेली असते. बागेतली ती चुप्पी तपासणीच्या खोलीतही बरोबर येते. युरोलिफ्ट आणि रेझुम यांचं खरं मोल याच ठिकाणी आहे, आणि याच ठिकाणी त्यांचं नाव निघत नाही. मला विचाराल तर त्या पाच मिनिटांसाठी सुनेला बाहेर पाठवावं.

ग्रंथी केवढी आहे, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते, हे सोनोग्राफी सांगते. वर्षानुवर्षं जोर लावून थकलेलं मूत्राशय असेल तर वाट कितीही मोकळी केली तरी धार येत नाही. ते ऑपरेशनआधी तपासता येतं. अनेकांचं गोळ्यांवरही भागतं. मात्र टॅम्सुलोसिन घेत असाल तर मोतीबिंदूच्या डॉक्टरला आधी सांगा, कारण शस्त्रक्रियेत बुबुळ ढिलं पडतं. ड्युटास्टेराइडने प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, त्यामुळे कर्करोगाची शंका झाकली जाऊ नये म्हणून तीही गोळी रिपोर्टबरोबर दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर सत्तरीपुढच्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. टीयूआरपी त्यात बसतं. वाफेची किंवा क्लिपांची पद्धत बसते का, हे भरती होण्याआधी खिडकीवर विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.