डिझेलचं गाळणं

परवाच्या रविवारी आमच्या अंगणात चांगलीच गर्दी जमली होती. घरात ना हळदीकुंकू होतं, ना कुणाचा वाढदिवस. मी आमच्या ट्रकचा डिझेल फिल्टर बदलत होते आणि ते बघायला शेजारपाजारची मंडळी आली होती. समोरचे आजोबा तर घरून खुर्ची घेऊन आले. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मराठी घेऊन बी.ए. झालीस, आता एवढंच करायचं राहिलं होतं!"

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! लग्नाला बावीस वर्षं झाली. आमचा ट्रक २००५ सालचा, म्हणजे मुलांबरोबरच अंगणात वाढला. हे स्वतःच चालवतात. लासलगावहून कांदा भरून वाशीला जायचं, येताना किराणा माल आणायचा. गाडीच्या आर.सी.वर नाव माझं. कर्जाच्या कागदांवर सही माझी. विमा, परमिट, दरवर्षीचं पासिंग, सगळीकडे मीच मालकीण. पण बॉनेट उघडलं की आत काय असतं, हे या मालकीणबाईंनी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. दसऱ्याला पूजा करायची, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा, संपलं.

मग आताच हे खूळ का शिरलं डोक्यात? त्याला एक कारण आहे आणि ते सांगताना मला अजूनही अपराधी वाटतं.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी अचानक गेले. त्यांचाही असाच जुना ट्रक होता. तो सहा महिने चिंचेखाली उभा राहिला. नंतर चालू करून बघितला, तर चालू व्हायचा, अर्धा मिनिट चालायचा आणि बंद पडायचा. ओळखीतल्या एकानं बघून सांगितलं, "वहिनी, इंजिन गेलं. हा आता भंगारातच जाणार." गिऱ्हाईकही त्यानंच आणलं. भंगाराच्या भावात ट्रक गेला. त्या व्यवहाराचा कागद मी लिहून दिला होता. अक्षर चांगलं म्हणून गटातले सगळे कागद माझ्याकडेच येतात. मी मोठ्या समाजसेवेच्या भावनेनं तो लिहिला, सह्या घेतल्या, पैसे मोजून तिच्या हातात दिले.

चौथ्या दिवशी तोच ट्रक बाजार समितीच्या आवारात कांदा भरताना दिसला. ती माझ्याबरोबरच होती. नव्या ड्रायव्हरला मी विचारलं, एवढ्यात इंजिन कसं केलं? तो हसून म्हणाला, "इंजिनला कुठं काय झालं होतं? टाकीत पाणी साचलं होतं. टाकी धुतली, फिल्टर बदलले, एअर काढली, झालं." ती काही बोलली नाही. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली.

एका फिल्टरच्या अज्ञानापायी एका बाईच्या पोराबाळांची भाकरी गेली. ते अज्ञान जितकं तिचं होतं, तितकंच माझंही होतं.

म्हणून गेल्या आठवड्यात हे आले आणि म्हणाले, "कसारा घाटात गाडी ओढतच नव्हती. फिल्टर चोकअप झालेत वाटतं, गॅरेजला टाकतो," तेव्हा मी म्हटलं, "नका टाकू. तुम्ही शेजारी बसा नि सांगा. हात मी घालते." हे आधी हसले. मग माझं तोंड बघून गप्प बसले.

मैत्रिणींनो, मला काय कळलं ते तुम्हालाही सांगते. डिझेल फिल्टर म्हणजे गाळणं. आपण चहा गाळतो तसं ते डिझेल गाळतं. टाकीतलं डिझेल आधी छोट्या पंपानं फिल्टरकडे येतं, तिथून मोठ्या पंपाकडे आणि मग नोझलमधून इंजिनात. जुन्या टाकीत गंज सुटतो, पावसाळ्यात रिकाम्या टाकीत पाण्याचा दमट अंश धरतो, कुठल्या तरी ड्रममधलं डिझेल भरलं की गाळ येतो. हे सगळं फिल्टर अडवतो. पण गाळण्यात चोथा साठला की चहा खाली उतरत नाही, तसंच इथंही होतं. सपाट रस्त्याला गाडी बरी चालते, चढ लागला, ओझं आलं की दम तोडते. सकाळी लवकर चालू होत नाही. मध्येच बंद पडते. इंजिन खराब झाल्यासारखंच वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो.

आमच्या गाडीला दोन फिल्टर शेजारी-शेजारी आहेत. पहिला जाडाभरडा गाळ अडवतो, दुसरा बारीक. गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, इंजिन थंड होऊ दिलं. फिल्टरवरची धूळ आधी फडक्यानं पुसून घेतली, कारण उघडल्यावर तीच आत जाते. खाली जुनं घमेलं ठेवलं. स्वयंपाकघरातलं भांडं मात्र घेऊ नका हं, त्याचा वास काही केल्या जात नाही. हातमोजे घातले. आसपास विडी-काडी पेटवायची नाही, असं त्या खुर्चीवाल्या आजोबांनाही बजावलं. मग पान्यानं बोल्ट सैल केला. फिल्टरची वाटी खाली उतरली. आत तळाला काळा चिखल आणि पाण्याचे थेंब! एवढ्या घाणीतून आमचं घर चालत होतं.

वाटी स्वच्छ डिझेलनं धुतली, नवे फिल्टर घातले, रबराच्या नव्या रिंगा बसवल्या, बोल्ट आवळले. आता एअर काढायची. महापालिकेचं पाणी यायच्या आधी नळ कसा फुसफुसतो? डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिनही तसंच फुसफुसतं, चालू होत नाही. म्हणून फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. मोठ्या पंपावरच्या स्क्रूचंही तसंच. शेवटी हातपंपाची मूठ फिरवून घट्ट बंद करायची.

मी पंप मारत होते, पण वाटीच्या कडेनं डिझेल झिरपायला लागलं. बोल्ट आणखी आवळला, तरी थांबेना. यांनी कपाळावर आठ्या आणल्या. गर्दीतून कुणी तरी म्हणालं, "बाईमाणसाचं काम का ते!" माझा चेहरा पडला. तेवढ्यात ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, स्टोव्हचंच की गं हे. पंप मारला नि गळतंय ना? मग वायसर बघ."

वाटी पुन्हा उतरवली. जुनी रिंग वरच्या खाचेत चिकटून बसली होती आणि तिच्यावरच मी नवी चढवली होती. कुकरला दोन रिंगा लावल्या तर वाफ धरेल का? जुनी काढली, खाच पुसली, नवी रिंग डिझेलचं बोट लावून बसवली. गळती थांबली. यांनी स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसतं घुरघुरलं, दुसऱ्यांदा गाडी चालू झाली. फिल्टर आणि रिंगा मिळून हजाराच्या आत खर्च आला.

रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात सासूबाईंचं ते वाक्य फिरत राहिलं. रॉकेलच्या स्टोव्हला पीन करणं, पंपाचं कातडं बदलणं, बर्नर उघडून साफ करणं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. रॉकेल, दाब आणि आग, तिन्ही एकत्र असलेलं ते यंत्र. भडका उडायची भीती रोजची. ते बायकांचं काम, आणि अंगणातला फिल्टर मात्र पुरुषांचा! ही वाटणी कुणी केली? कठीण काय, सोपं काय, हे बघून नक्कीच केलेली नाही. ज्या यंत्रानं घरात नुसतं अन्न शिजतं ते बाईकडे, आणि ज्या यंत्रानं घरात पैसा येतो ते पुरुषाकडे, असा हा हिशोब आहे. कर्जावर सही करायला मात्र बाई चालते.

यावर माझ्याच गटातल्या एकीनं मला सुनावलं. म्हणाली, "ताई, चूल-मूल, शेत, गट, सगळं करून आता ट्रकही आम्हीच दुरुस्त करायचा का?" तिचा राग मला समजतो. घरातली कामं वाटून घ्यायला कुणी येत नाही आणि नवं काम मात्र आपल्याच गळ्यात पडतं. पण मी काम वाढवायला सांगत नाही. फिल्टर खुशाल यांनीच बदलावा, नाहीतर गॅरेजवाल्यानं. मला एवढंच म्हणायचं आहे की काय बदललं, का बदललं आणि त्याला किती पडतात, हे आपल्याला ठाऊक असावं. ज्याला माहिती आहे त्याला कुणी "इंजिन गेलं" असं सहज सांगू शकत नाही.

आणि बायकांना हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी थोडं आजूबाजूला बघावं. नंदुरबारला वाढलेल्या आणि भोपाळला राहणाऱ्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर स्टिअरिंगवर बसल्या आणि देशभर ट्रक घेऊन फिरल्या. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरमध्ये शांतिदेवी नावाच्या बाईंनी ट्रकची अवजड चाकं खोलून पंक्चर काढली, आणि वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. त्यांचे हात काही वेगळ्या मातीचे नाहीत.

काही गोष्टी मात्र जपून करायच्या. मोठ्या पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या बारीक लोखंडी नळ्यांना इंजिन चालू असताना हात लावायचा नाही. त्यातली चिळकांडी कातडीत घुसू शकते. घमेल्यातलं घाण डिझेल गटारात ओतायचं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्यायचं. आणि नव्या गाड्यांच्या नादी घरी लागू नका. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांमध्ये डिझेलचा दाब प्रचंड असतो, वर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. ते काम जाणकारांचंच. फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलायचा, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात देवाच्या फोटोमागे पडलेलं असेल. काढून वाचा. आपण साक्षर आहोत ते कशासाठी?

पुढच्या महिन्यात गटाची बैठक आमच्या अंगणात आहे. हिशोबाच्या वह्या झाल्या की ट्रकचं बॉनेट उघडायचं ठरलंय. ज्या मैत्रिणीचा ट्रक गेला, तीही येते म्हणाली आहे. तिचा ट्रक आता परत येणार नाही. पण तिच्या धाकट्या भावजयीच्या नावावर पिकअप आहे, तिला ती बरोबर घेऊन येणार आहे.

तुमच्या दारात ट्रॅक्टर असेल, टेम्पो असेल, रिक्षा असेल, नाहीतर पाण्याचं डिझेल इंजिन. येत्या रविवारी घरच्यांना म्हणा, "अहो, जरा उघडून दाखवा, यात गाळणं कुठं असतं?" हसतील. हसू द्या. आमचे हेही हसलेच होते.