ताडोब्यात गवे पाहा

चंद्रपूरला घर असलं की पाहुण्यांना तोटा नाही. थंडी पडली की नागपूर-पुण्याची मंडळी येतात आणि पोहे खाता खाता पहिला प्रश्न हाच, "ताडोब्यात वाघ नक्की दिसेल ना?" आता वाघ काय आपल्या नात्यातला आहे, बोलावला की यायला? संध्याकाळी मंडळी परततात ती उतरलेल्या चेहऱ्यांनी. मुलं हिरमुसलेली, मोठ्यांची पैसे फुकट गेल्याची कुरकूर. म्हणून हल्ली मी निघायच्या आधीच सांगते, जिप्सीत बसल्याबरोबर गाइडला म्हणा, "दादा, आम्हाला आधी गवे दाखवा."

गवा म्हणजे आपल्या गाईबैलांचा रानातला दांडगा भाऊबंद. मोठा नर खांद्याशी माणसाएवढा उंच आणि वजनाला हजार किलोच्या आसपास. अंग काळपट, पण गुडघ्याखाली चारही पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखे! मुलांना एवढी खूण सांगून ठेवा, मग तीच तुमच्याआधी ओळखतात. कळप बहुधा गाईवासरांचा. त्यात एखादी जाणती गाय असते. ती थबकली की सगळा कळप थबकतो. (आपल्याकडच्या सासूबाईंची आठवण आली तर दोष माझा नाही.)

मात्र यासाठी गाडी उभी करून पंधरा-वीस मिनिटं गप्प बसावं लागतं. पलीकडे वाघाच्या बातमीवर जिप्स्या धावत असताना ड्रायव्हरला "थांबा" म्हणणं सोपं नाही, पण म्हणावं.

आणि गवे चरतात त्या कुरणाबद्दल गाइडला जरूर विचारा. नवेगाव, जामणी ही जंगलाच्या आतली गावं उठवून बाहेर वसवली गेली. जिथे धानाची शेतं होती तिथे आता गवत आहे, आणि गवतावर चितळ नि गवे. एका फेरीत आमच्या गाइडनं मोकळ्या जागेतल्या एका झाडाकडे बोट दाखवलं. "त्याच्या सावलीत आमच्या मावशीचं घर होतं जी," एवढंच म्हणाला आणि दुर्बीण माझ्या मुलीच्या हातात दिली. नंतर बराच वेळ गाडीत कुणी वाघाचं नाव काढलं नाही.

गव्यांचा आपल्या गोठ्याशीही संबंध आहे बरं का. गुरांची बुळकांडी त्यांनाही व्हायची. 1968 मध्ये दक्षिणेतल्या बंडीपूर-मुदुमलाईच्या जंगलांत या साथीनं गव्यांचे कळपच्या कळप मेले. गुरांना लस टोचत टोचत हा रोग हटला, आणि 2011 मध्ये तो जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहे. म्हणून जंगलाकाठच्या गावात कुणी गाय पाळत असेल, तर तिची लस चुकवू नये. ती लस रानातल्या कळपालाही राखते. एकदा गेलेले गवे परत आणणं किती अवघड, ते मध्यप्रदेशात विचारा. बांधवगडचे गवे 1990 च्या दशकात नाहीसे झाले, तेव्हा 2011 मध्ये कान्ह्याहून ट्रकमध्ये घालून आणावे लागले.

आता तयारीचं. थंडीतल्या पहाटफेरीला उघड्या जिप्सीत हाडं गोठतात. स्वेटरवर शाल आणि मुलांना कानटोपी हवीच. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे. अत्तर, गजरा, भडक साडी लग्नासाठी ठेवा. मंगळवारी ताडोबा बंद असतो आणि पावसाळ्यात आतला गाभा तीन महिने बंद. उन्हाची सोसवत असेल तर मे महिना उत्तम, कळप आपणहून पाणवठ्यावर येतात. गाइड जवळपासच्या गावांतलेच असतात, हल्ली त्यात बायकाही आहेत. फेरी संपल्यावर त्यांच्या हातावर काही ठेवायचं असेल, तर वाघ दिसला की नाही यावर ते ठरवू नका.