तंबोऱ्याला मानवणारी हवा

तंबोरा सुरात राहीनासा झाला, की आपलाच कान गेला, असे वयस्क गायकाला वाटू लागते. पुष्कळदा दोष हवेचा असतो. लातूर-नांदेडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या घसरतात, भोपळा तडकतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, बुरशी धरते. मिरजेत घडलेल्या तंबोऱ्यालाही 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. खोलीत आर्द्रतामापक टांगावा. उन्हाळ्यात पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. कूलरचा झोत, ऊन व ओलसर भिंत टाळावी. पावसाळी उघडिपीत गवसणी काढून वाद्याला वारा द्यावा. बुरशी दम्यालाही बाधते. शुश्रूषा करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तंबोरा ज्येष्ठांच्या हाती द्यावा. सूर तरीही जुळेना, तर मात्र कानांची तपासणी अवश्य करून घ्यावी.