पेटीतले मूल आणि दाराबाहेरची आई

जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाबाहेर, व्हरांड्यात चादर अंथरून बसलेल्या बाळंतिणी ज्याने पाहिल्या नाहीत असा कार्यकर्ता विरळाच. मूल आत काचेच्या पेटीत, आई बाहेर. तिने प्रकृती विचारली तर ‘डॉक्टर सांगतील’ हे उत्तर; पुन्हा विचारले तर दटावणी. आमच्यातील काही सुशिक्षित मंडळीही याचे समर्थन करतात. म्हणे, अडाणी आईबापांच्या वावराने जंतुसंसर्ग होतो.

हा युक्तिवाद शास्त्राचा आव आणतो इतकेच. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात (नाव लोहियांचे असावे हा योगायोगच!) आईबापांना हात धुण्यापासून रीतसर शिकवून कक्षात घेण्याचा प्रयोग झाला. संसर्ग वाढला नाही. केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मात्र वाढले. २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. मग दारावरचा पहारेकरी कोणाचा हुकूम बजावतो?

त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही, अर्थव्यवहारात आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. परंतु जेथे सर्वांनाच उपचार मोफत, तेथील रुग्ण ग्राहक नव्हे, असेही ठरवले. म्हणजे बिल भरणाऱ्या बापाला जाब विचारण्याचा हक्क आहे आणि सरकारी दवाखान्यातला बाप उपकाराचा धनी! वस्तुतः साबणापासून काडेपेटीपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरून हा दवाखाना त्यानेच उभा केला आहे. विकत घेणाऱ्याला प्रतिष्ठा आणि नागरिकाला दटावणी, ही बाजाराची नीती आपण रुग्णालयात का चालवून घ्यावी?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षाला आग लागली. १७ पैकी १० अर्भके दगावली. राज्य सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले. मूल गेल्यावर शासनाला आईबाप ताबडतोब सापडतात. मूल जिवंत असताना त्यांची गणना कोठे होते?

हल्ली ‘जागरूक पालक व्हा’ असा उपदेश चालतो. उपदेश करणाराची मजुरी बुडत नाही! २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली ती आस्थापनांतील नोकरदार स्त्रीला; ऊसतोडीवरच्या बाईला तिचा काय उपयोग? तिने पेटीजवळ बसून रोज चार प्रश्न विचारायचे, तर आधी तिच्या बसण्याची व जेवणाची सोय हवी. परिचारिकांना यात शत्रू लेखू नये. अपुऱ्या संख्येने अनेक पेट्या सांभाळणारी बाई चिडते. तिच्या रिकाम्या जागा न भरणारे खाते मात्र कोणावरच चिडत नाही.

आपल्या शाखांनी रुग्ण कल्याण समितीकडे मागणी करावी: आईला वा बापाला कक्षात दिवसरात्र प्रवेश, प्रकृतीची रोज मराठीत माहिती, केसपेपरची प्रत. आणि एक हिशेबही मागावा. २०११ च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीचे मोफत जेवण साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रियेनंतर सात दिवस धरले आहे. मूल पेटीत तीन आठवडे राहिले, तर पुढच्या दिवसांत तिच्या ताटाची तरतूद कोणत्या खात्यातून होते?