सीडी प्लेअरच्या आवाजाची पारख

सोनी कंपनीने १९८४ साली ‘डी-५०’ हा सोबत नेता येण्याजोगा सीडी प्लेअर बाजारात आणला. पुढे अशा यंत्रांची रेलचेल झाली, आणि अमक्याचा आवाज गोड, तमक्याचा रुक्ष, असे निकाल रसिक ठामपणे देऊ लागले. त्यांतील बहुतेक निकाल कच्चे आहेत. तबकडीवर दर सेकंदास प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. सुस्थितीतील कोणतेही यंत्र ते सारखेच वाचते. भेद पडतो तो त्यापुढे. रायपूरहून नागपूरकडे धावणाऱ्या आगगाडीत यंत्रास हादरे बसतात. संगीत तुटू नये म्हणून पुढील भाग आधीच वाचून स्मृतीत साठविण्याची सोय अनेक यंत्रांत असते. परंतु स्मृती अपुरी पडते, म्हणून कित्येक यंत्रे तो भाग आकुंचित करून ठेवितात, आणि तंबोऱ्याच्या झंकारातील बारकावे त्यात हरपू शकतात. प्रवासात हे चालेल. तुलना मात्र यंत्र टेबलावर ठेवून, शक्य असल्यास ही सोय बंद करूनच व्हावी. हेडफोन व तबकडी एकच असावी. शिवाय किंचित मोठा आवाज कानास अधिक सरस भासतो (चतुर विक्रेते हे पुरते जाणतात!), म्हणून दोन्ही यंत्रांचे आवाज मापकाने समान करावेत, आणि कोणते यंत्र वाजत आहे हे ऐकणाऱ्यास कळू देऊ नये.