टर्बो किटचा मोह आणि मिस्त्रीची अमानत

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजाचे हात फार आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या, पुण्यात नाना पेठ घ्या, नाही तर भिवंडी, मालेगाव, मिरज, सोलापूर या बाजूंची हमरस्त्याकडेची गॅरेजे पाहा. इंजिन उघडणारा फिटर, लेथवरचा टर्नर, वेल्डर, डेंटर, सुटे भाग विकणारा दुकानदार, सगळीकडे आपला कोणी ना कोणी भेटतोच. म्हणून या धंद्यात एखादे नवे वेड शिरले की त्याचा विचार या पानावर होणे आम्हाला आवश्यक वाटते. साध्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो किट बसवून ताकद वाढवून घेण्याची हौस हे असेच एक वेड आहे. किट आता घरपोच मिळते. त्यामुळे तरुण गिऱ्हाईक खोके काखेत मारूनच गॅरेजात येते आणि म्हणते, "चाचा, सामान सगळं आहे, फक्त बसवून द्या."

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. सगळी फसगत त्या 'फक्त' या शब्दात आहे. टर्बो बसवणे हे एक सुटा भाग जोडण्याचे काम नसून सबंध इंजिनाचा हिशेब नव्याने मांडण्याचे काम आहे. ज्याला तो हिशेब येत नाही त्याने खोके परत करावे. ज्याला येतो त्यानेही रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर हे काम घेऊ नये. असे का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

कल्पना सोपी, काम कठीण

टर्बो ही काही कालची चीज नव्हे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरवाटे वाया जाणारा गरम धूर एका पंख्यावर सोडायचा आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते, आणि ताकद वाढते. ऐकायला एवढेच. पण तो दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. पेट्रोल इंजिनाचा धूर पूर्ण जोरात ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातो. आणि बहुतेक टर्बोंत हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर क्षणभर तुटला तरी बेअरिंगला मार बसतो.

खुद्द मोठे कारखानदारही यात अडखळले आहेत. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६२ मध्ये ओल्डस्मोबाईल जेटफायर ही टर्बोची मोटार बाजारात आणली. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ असे चढे होते. अशा इंजिनात दाबलेली हवा भरली की मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकते आणि इंजिन नॉक करू लागते. ते टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांच्या मिश्रणाची एक वेगळी टाकी गाडीला दिली होती. ती टाकी वेळेवर भरणे अनेक मालकांना जमले नाही, तक्रारी आल्या, आणि पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्बुरेटर बसवून दिले. सगळी साधने हाताशी असलेल्या कारखान्याची ही गत, तर खोक्यातल्या किटची काय हमी द्यावी?

निवड हिशेबाने होते, हौसेने नव्हे

समजा, गाडी १.२ लिटरची आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा भरते. म्हणजे सहा हजार फेऱ्यांवर ते मिनिटाला ३,६०० लिटर हवा घेईल. प्रत्यक्षात ८५ टक्के भरते असे धरले तर ३,०६० लिटर, वजनाने साधारण साडेतीन किलो. मिनिटाला एक किलो हवेमागे पेट्रोल इंजिन ढोबळमानाने २० ते २२ हॉर्सपॉवर देते, म्हणून अशा गाडीची मूळ ताकद ७०-८० च्या आसपास दिसते. आता बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंड असतो. त्यावर ७ पौंडांचा बूस्ट दिला की दाब जवळजवळ दीडपट झाला. हवा नीट थंड केली तर तीच साडेतीन किलोची हवा पाच किलो होते आणि ताकद शंभर ते एकशे दहापर्यंत पोहोचते.

तेव्हा या गाडीला मिनिटाला पाच किलो हवा दीडपट दाबाने सुखाने देईल असाच टर्बो पाहिजे. तो तसा आहे की नाही, हे त्याच्या कॉम्प्रेसर मॅपवरून कळते. नामांकित कंपन्या आपल्या टर्बोचे असे मॅप देतात. ज्या टर्बोला मॅप नाही, तो तराजूशिवाय घेतलेला माल समजावा. टर्बो गरजेपेक्षा मोठा घेतला तर शहरातल्या वेगात तो जागाच होत नाही. लहान घेतला तर वरच्या फेऱ्यांवर त्याला धाप लागते आणि हवेपेक्षा उष्णताच जास्त भरते. भंगारातून डिझेल गाडीचा टर्बो काढून पेट्रोलला लावणारेही काही आहेत. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्या तापमानासाठी बनवलेला टर्बो पेट्रोलच्या भट्टीत किती दिवस टिकणार?

इंटरकूलर म्हणजे शोभेची जाळी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडची ३५ अंशांची हवा दीडपट दाबली तर चांगल्या टर्बोतूनही ती ८५ ते ९० अंशांवर बाहेर पडते. हलक्या टर्बोतून ती शंभरी गाठते. तापलेली हवा विरळ होते आणि नॉकिंगला आमंत्रण देते. शिवाय आजच्या साध्या पेट्रोल इंजिनांचे कॉम्प्रेशन १० ते १२ असते, म्हणजे जेटफायरच्याच पंगतीतले किंवा तिच्याहूनही चढे.

बसवण्यातली बारीक कामे

किट बसवण्याआधी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासले पाहिजे. थकलेल्या इंजिनावर टर्बो म्हणजे दमेकऱ्याच्या डोक्यावर पोते. हवा दीडपट झाली की पेट्रोलही त्याच प्रमाणात हवे, म्हणून इंजेक्टर आणि पंप पुरे पडतात का ते पाहावे लागते आणि ईसीयूचा प्रोग्राम नव्याने बसवावा लागतो. पूर्ण बूस्टवर एक भाग पेट्रोलला साडेअकरा ते बारा भाग हवा, एवढे गडद मिश्रण राखावे लागते. ते कानाने किंवा प्लगच्या रंगाने कळत नाही, त्याला मीटर लागतो. मिश्रण पातळ राहिले तर काही मिनिटांत पिस्टनला भोक पडते.

ऑइलची गोष्ट त्याहून नाजूक. टर्बोकडे ऑइल दाबाने जाते, पण परत येताना ते आपल्या वजनानेच खाली उतरते. म्हणून परतीचा पाइप रुंद, सरळ उताराचा आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेला असावा. तो वाकडा किंवा अरुंद ठेवला की सीलमधून ऑइल गळते, निळा धूर निघतो आणि दोष बिचाऱ्या टर्बोला लागतो. ऑइलच्या सांध्यावर थापलेल्या सीलंटचा एक कण सुटला तरी बारीक वाट बंद होते. नवा टर्बो बसवल्यावर आधी त्यात ऑइल भरून, इंजिन पेटू न देता सेल्फने फिरवून, दाब आल्यावरच चालू करावे. वेस्टगेटची छोटी रबरी नळी निसटली तर बूस्टला लगाम राहत नाही. या सगळ्यानंतर क्लच, रेडिएटर आणि ब्रेक यांचा प्रश्न उरतोच. गाडी पळवणारा मिस्त्री ती थांबवण्यालाही जबाबदार असतो.

एवढी कामे खोक्याच्या किमतीत धरलेली नसतात. गिऱ्हाइकाला वाटते सामान आले, आता मजुरी तेवढी राहिली. खरे तर खर्चाला तिथून सुरुवात होते.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाल्यास न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी हात वर करू शकते, हे वेगळेच.

कोणी म्हणेल, मग सीएनजी किट कसे चालते? ते चालते, कारण त्याला ठरलेली मंजुरी असते आणि त्याची नोंद आरसी बुकात होते. बाजारातल्या टर्बो किटच्या खोक्यात असा कागद नसतो. शर्यतीच्या बंद ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीची गोष्ट निराळी. तिथे हे काम जाणकारांनी खुशाल करावे.

ओले धान्य वर ठेवा

आता आम्ही मुद्द्यावर येतो. हे सगळे गिऱ्हाइकाला सांगायचे कोणी? कित्येक भाई म्हणतात, "त्याची गाडी, त्याचा पैसा, आपल्याला मजुरीशी मतलब." आम्हाला हे पटत नाही. प्रेषित हजरत मुहंमद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितल्यावर, मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. त्या व्यापाऱ्याने पाऊस पाडला नव्हता. त्याचा दोष एवढाच की त्याला ठाऊक असलेला ऐब गिऱ्हाइकाला दिसत नव्हता.

किट बसवणारा मिस्त्री याच जागी उभा असतो. किट त्याने बनवलेले नाही, विकलेलेही नाही. पण इंजिन किती दिवस काढेल हे त्याला कळते आणि समोरच्या पोराला कळत नाही. गाडी गॅरेजात आली म्हणजे ती अमानत झाली. तिच्यात बसणारी माणसेही अमानत झाली. जाणून गप्प बसलेल्याची मजुरी कितीही घामाची असली तरी तिच्यात बरकत कुठून यावी?

यावर व्यवहाराची अडचण आम्हाला ठाऊक आहे. आपण नाही म्हटले तर शेजारचा करतो, आणि महिनाअखेरीस गॅरेजचे भाडे द्यायचे असते. ही अडचण खोटी नाही. पण पिस्टन फुटलेली गाडी टोचन करून पुन्हा ज्याने काम केले त्याच्याच दारात येते, आणि त्या दिवशी भांडण, नुकसान आणि बदनामी तिन्ही मिळतात. नाही म्हणणाऱ्याकडे तेच गिऱ्हाईक पुढे सर्व्हिसिंगला येते, बापाची गाडीही घेऊन येते.

रोजी दुरुस्तीत आहे

टर्बो शिकू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट नेटाने शिका. आज जवळजवळ प्रत्येक डिझेल मोटार आणि लहान इंजिनाच्या कितीतरी पेट्रोल मोटारी कारखान्यातूनच टर्बो घेऊन येतात. हे टर्बो उद्या-परवा दुरुस्तीला येणार आहेत. त्यांतल्या पुष्कळांत दोष टर्बोचा नसतो. ऑइल वेळेवर बदललेले नसते, एअर फिल्टर फाटलेला असतो, परतीचा पाइप कोंडलेला असतो. कारण न शोधता नवा टर्बो लावला की तोही तसाच जातो. कारण शोधणारा मिस्त्री हजारांत एक असतो, आणि त्याला गिऱ्हाईक शोधत येते.

त्यासाठी आमच्या तीन सूचना आहेत. घरातल्या मुलाला नुसते हाताखाली न ठेवता आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करू द्यावा, म्हणजे हाताच्या कलेला हिशेबाची जोड मिळेल. एका वस्तीतल्या चार-पाच गॅरेजवाल्यांनी भागीदारीत स्कॅनर आणि टर्बोचा कोअर बॅलन्स करण्याचे यंत्र घ्यावे. एकट्याला न झेपणारी यंत्रे पाच जणांना झेपतात. आणि प्रत्येक मोठ्या कामाआधी काय करणार, काय धोका आहे, खर्च किती, हे कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी.

खोके घेऊन आलेल्या त्या पोराला हाकलून देऊ नका. त्याला चहा पाजा आणि वर मांडलेला हिशेब समजावून सांगा. त्याच्याच गाडीचे कॉम्प्रेशन तपासा, प्लग-फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, टायरची हवा आणि ब्रेक पाहा. गाडीची हरवलेली मूळ ताकद परत मिळाली तरी त्याची निम्मी हौस भागेल. आणि तुम्ही घेतलेले दाम घरी नेताना हिशेबात काही लपवल्याची टोचणी मनाला राहणार नाही.