विश्लेषण : टोकन विकत घेतले की सदस्य, मग मतही विकत मिळते का?

वॉलेटमध्ये ठरावीक टोकन असेल तरच समुदायात प्रवेश आणि जितकी टोकन तितकी मते, या तत्त्वावर चालणारे ऑनलाइन समुदाय गेल्या काही वर्षांत जगभर उभे राहिले. सामाईक निधी कुठे खर्च करायचा, हेही याच मतांवर ठरते. त्यामुळे सदस्यत्वाचे नियम कसे आखावेत, हा प्रश्न कळीचा ठरला आहे.

सदस्यत्व कसे मिळते?

सदस्य आपले डिजिटल वॉलेट समुदायाच्या चॅट-गटाला जोडतो. प्रणाली ब्लॉकचेनवरील शिल्लक तपासते. पुरेशी टोकन असल्यास प्रवेश मिळतो, ती विकली की प्रवेश बंद होतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रेंड्स विथ बेनिफिट्स’ने पूर्ण सदस्यत्वासाठी अर्जासोबत ७५ टोकनची अट ठेवली होती.

अडचण कुठे आली?

अट टोकनच्या संख्येत होती, रकमेत नव्हे. २०२१ च्या तेजीत भाव वधारल्यावर याच ७५ टोकनसाठी हजारो डॉलर मोजावे लागू लागले. समुदाय कलाकारांचा, पण होतकरू कलाकारालाच तो परवडेना. जुन्या सदस्यांना मात्र बाहेर पडून नफा कमावण्याचा मोह होता.

मते विकत घेता येतात?

एप्रिल २०२२ मध्ये ‘बीनस्टॉक’ या प्रकल्पात तेच घडले. हल्लेखोराने ‘फ्लॅश लोन’द्वारे, म्हणजे एकाच व्यवहारात घेऊन फेडायच्या कर्जाद्वारे, सुमारे एक अब्ज डॉलर उभे केले. त्यातून दोनतृतीयांशाहून अधिक मते मिळवली आणि निधी स्वतःकडे वळवणारा ठराव तत्काळ मंजूर केला. प्रकल्पाला सुमारे १८.२ कोटी डॉलरचा फटका बसला. संगणकीय नियमांनुसार मतदान ‘वैध’च होते.

उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे ठराव मांडण्याआधीच्या शिल्लकीवरच मते मोजणे. दुसरा, मंजुरी आणि अंमलबजावणी यांत काही दिवसांचे अंतर ठेवणे. तिसरा, हस्तांतरित न होणारे टोकन. ‘इथेरियम’चे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी दोन सहलेखकांसह मे २०२२ मध्ये ‘सोलबाउंड’ टोकनची ही कल्पना सविस्तर मांडली. ‘ऑप्टिमिझम’ने दोन सभागृहे केली : एकात टोकननुसार मते, दुसऱ्यात प्रत्येक नागरिकाला एक मत. मात्र एक व्यक्ती-एक मत म्हटले की बनावट खाती रोखणे आले. त्यासाठी ओळख पटवावी लागते आणि निनावीपणाला मुरड घालावी लागते.

भारतीय सदस्यांचे काय?

सहकारी गृहनिर्माण संस्थेत भाग कितीही असले तरी सदस्याला एकच मत असते आणि सदस्यत्व हस्तांतरणाला नियमांची चौकट असते. टोकन समुदायांत ही चौकट स्वतःच आखावी लागते. शिवाय भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागतो, त्यात तोट्याची वजावट मिळत नाही. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही लागू आहे. त्यामुळे टोकन घेण्यापूर्वी भावाइतकेच मतदानाचे आणि बाहेर पडण्याचे नियम तपासणे गरजेचे ठरते.